खळीत मोरचूद नाही

आमच्या वन्सं सकाळी कुणाशी बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कुणी सांगितलंच नाही. पहिल्या सकाळी उठले, तोंड धुतलं आणि स्वयंपाकघरात गेले, तर मोठी नणंद खिडकीपाशी स्टुलावर पाठमोरी बसलेली. मी म्हटलं, "वन्सं, चहा टाकू का?" उत्तर नाही. ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी मान न वळवता डावा हात वर केला, चौकातला पोलीस गाडी थांबवायला करतो तसा. मी आल्या पावली मागे फिरले आणि न्हाणीघराचं दार लावून रडले. नव्या घरातला माझा पहिला शब्द, आणि त्याची ही गत.

यांना सांगितलं तर हे हसायलाच लागले. "अगं, ताई सव्वासहापर्यंत मुकी असते. तिचं चिकटवून होऊ दे, मग तूच म्हणशील, आता पुरे."

तसंच झालं. सव्वासहाला वन्सं बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रडलीस होय? डोळे बघ कसे झालेत. इतकं हळवं असून चालायचं नाही या घरात, माझा भाऊ घोरतो. टाक चहा. मला साखर कमी." तिथून जी गाडी सुटली ती कामाला जाईपर्यंत थांबली नाही.

वन्सं एका बाइंडिंगखान्यात होत्या. अडतीस वर्षं. हिशेबाच्या वह्या, शाळांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची दफ्तरं, सगळं तिथे बांधायला यायचं. त्यांचं मुख्य काम खळ शिजवण्याचं आणि पुठ्ठे मढवण्याचं. मैदा पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मंद आचेवर एकाच दिशेने ढवळायचं आणि चकाकी आली की उतरवायचं. उतरवायच्या आधी मोरचूद घालायचा. मोरचूद म्हणजे ते निळे खडे. विषच ते. त्याने पुस्तकाला किडा लागत नाही. नाहीतर मैद्याची खळ म्हणजे कसरीला मेजवानी. दोन वर्षांत पुस्तकाची चाळण होते. मालक सांगायचे, आपल्याकडचं पुस्तक चाळीस वर्षांनी उघडा, आत एक भोक सापडलं तर माझं नाव बदला.

कामावर सगळे त्यांना मुकीबाई म्हणायचे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यात मोठा आवाज मुकीबाईंचा.

घरी मात्र पहाटे पाचला उठून त्या काय करायच्या ते मला समजायला वर्ष गेलं. झोपेत जे दिसलं असेल ते बोलायच्या आत चिकटवायचं, असा त्यांचा नेम. बोललं की उडून जातं म्हणायच्या. खिडकीखाली तीन खोकी होती. एकात बाइंडिंगखान्यातले कापडाचे, रेक्झिनचे, रंगीत कागदाचे कपटे. दुसऱ्यात झाडाच्या साली, जाळी पडलेली पानं, बिया, पिसं, रस्त्यावर सापडलेलं काहीबाही. तिसऱ्यात दोरा, जाळीचं कापड, जुन्या वह्यांची लिहिलेली पानं. डोळे अर्धे मिटलेले असताना हात खोक्यात जायचा आणि जे हाताला लागेल ते पुठ्ठ्यावर बसायचं. मी एकदा विचारलं होतं, "हाताला चुकीचं लागलं तर?" म्हणाल्या, "झोपेतला हात चुकत नाही. जागा हात चुकतो."

मी त्याच वेळेला उठून देवाचं नाव घेते. लहानपणापासूनची सवय. सुरुवातीला मला ते पटायचं नाही. उठल्या उठल्या पालापाचोळा हातात घ्यायचा, देवाला हात जोडायचे नाहीत, हे काय? पण एका स्वयंपाकघरात दोन बायका सव्वा तास एकमेकींशी न बोलता बसायला लागल्या की हळूहळू बोलण्यासारखं काही राहत नाही. मी माझं करत होते, त्या त्यांचं.

छोटे पुठ्ठे पुष्कळ होते, वीसेक असतील. आज एक स्वप्न, उद्या दुसरं. एक पुठ्ठा मात्र मोठा होता, लहान मुलाच्या उंचीचा. तो एकाच स्वप्नाचा.

ते स्वप्न त्यांना सहाव्या वर्षापासून पडायचं. घरात झाड आहे, छपरापर्यंत गेलेलं. फरशी नाही, पाणी आहे, आणि पाण्यात झाडाची मुळं. त्या गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत. पाणी गार नाही. मागून कुणीतरी डोक्यावर हात ठेवतं. वळून बघायचं तर मान वळत नाही. एवढंच. सहाव्या वर्षी त्यांची आई गेली. हे तेव्हा आठ महिन्यांचे. घरात आईचा एकही फोटो नाही. चेहरा दोघांनाही आठवत नाही. मागून हात ठेवणारी ती आईच, असं वन्संनी कधी म्हटलं नाही. पण दुसरं कोण असणार, हेही कधी म्हटलं नाही.

महिन्यातून एखाद्या वेळी ते स्वप्न पडायचं. त्या सकाळी मोठा पुठ्ठा कपाटामागून बाहेर यायचा आणि त्यावर एक तुकडा बसायचा. एकच. मागे पेन्सिलीने त्याचा आकडा. बाइंडिंगच्या कामात आकडा चुकला तर पुस्तकाचं पान इकडचं तिकडे होतं, त्यामुळे तेवढी शिस्त हातातच बसलेली. तुकड्यावर तुकडा, थरावर थर. मी आले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी तो सुरू केला आणि एकवीस वर्षं चालवला.

आता मोरचुदाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

वन्सं घरी खळ शिजवायच्या ती साधी, मोरचूद न घालता. जिने अडतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं किड्यांपासून वाचवली तिने स्वतःच्या कामात मोरचूद घातला नाही. कारण एक खार. बाइंडिंगखान्याच्या खिडकीत खळीचं पातेलं गार व्हायला ठेवायचे, तिथे एक खार यायची. वन्सं तिला हाकलायच्या, ती पुन्हा यायची. एके दिवशी ती पातेल्याच्या कडेची खळ चाटून गेली आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखाली ताठ होऊन पडलेली मिळाली. मालक म्हणाले, "आता खारीसाठी पाटी लावायची का आपण?" वन्संनी तिला मागच्या अंगणात पुरलं आणि कामाला लागल्या. पण घरच्या खळीत त्यानंतर मोरचूद पडला नाही. आमच्या खिडकीतही खारी येतात. वन्सं सकाळी बोटावर खळ घेऊन चौकटीला लावतात, खार येऊन खाऊन जाते.

कामावरून निवृत्त झाल्या त्या वर्षी ते स्वप्न थांबलं. बाकीची पडायची, हे नाही. पहिले काही महिने वन्सं म्हणायच्या, येईल. मग म्हणेनाशा झाल्या. मोठा पुठ्ठा कपाटामागे भिंतीकडे तोंड करून राहिला. तीन वर्षं.

मग चित्रकलेच्या बाई आल्या. त्या समोरच्या शाळेत शिकवतात. शाळेची पुस्तकं बाइंडिंगला द्यायच्या, त्या ओळखीने वन्संकडे एक फाटका कोश दुरुस्त करता येईल का विचारायला आल्या आणि खिडकीतले छोटे पुठ्ठे बघून तिथेच बसल्या. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर त्या एक प्रदर्शन भरवत होत्या.

"हे मिश्र माध्यम आहे," बाई म्हणाल्या.

"मिश्र कसलं? पुठ्ठा, खळ आणि पाला," वन्सं म्हणाल्या.

"नाही हो, यात अंतर्मन आहे. माणसाचं निसर्गाशी जे आतलं नातं असतं ना..."

"अंतर्मनाचं मला नाही सांगता यायचं. झोपेत दिसलं ते लावलं. चहा घेता ना? ही फार साखर घालते, आधीच सांगून ठेवा."

बाईंनी विचारलं, एखादं मोठं काम आहे का? वन्सं थोडा वेळ गप्प बसल्या. दुपारच्या वेळी त्यांना गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. मग म्हणाल्या, "आहे एक." आणि मला, "अगं, धर जरा."

आम्ही दोघींनी कपाट सरकवलं आणि पुठ्ठा वळवला. जमिनीवर बारीक भुगा सांडला, चाळणीतून पडावा तसा. झाडाच्या बुंध्याचा वरचा कागद नुसता पापुद्रा होऊन लोंबत होता आणि त्याखालून दोन कसरी चमकत पळाल्या. पाण्याच्या जागेला निळं कापड होतं, त्याला बोटाएवढी भोकं. मी हात लावला तर एक पान माझ्या चिमटीत पीठ झालं.

दर महिन्याला तो पुठ्ठा बाहेर निघायचा, झटकला जायचा, त्याला उजेड लागायचा. तीन वर्षं कुणी काढला नाही, तेवढ्यात हे झालं.

वन्संनी आरडाओरडा केला नाही. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "खळीत मोरचूद नाही ना." जणू दुसऱ्या कुणाची चूक दाखवत होत्या.

चित्रकलेच्या बाई भल्या बाई. त्यांनी लगेच मोबाइल काढला. "आधी फोटो काढून ठेवू. मग मोठा छापून घेता येईल." त्यांनी चांगले चार-पाच फोटो काढले आणि दाखवले. वन्संनी चष्मा लावून बघितले.

"हे वरचं आलं. खालचं कुठंय?"

"खालचं म्हणजे?"

"याच्याखाली थर आहेत. दहा, कुठे पंधरा. ते दिसत नाहीत, पण आहेत ना? आता मला ते स्वप्न पडत नाही हो. आहे ते यातच आहे. हे गेलं की संपलं."

मग मला कळलं. इतकी वर्षं मी समजत होते की त्या स्वप्नाचं चित्र करतायत. त्या ते साठवत होत्या.

संध्याकाळी हे घरी आले. बघितलं आणि म्हणाले, "ताई, मोरचुदाचं पाणी कर आणि मागून ब्रश मार. किडा मरेल."

"आणि सगळं हिरवं पडेल. ते पाणी हिरवं नव्हतं."

"मग वरून व्हार्निश मार."

"आतले किडे आतच खात बसतील. तू तुझं ऑफिस सांभाळ."

बाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या पांढऱ्या डिंकाची बाटली घेऊन. या डिंकाला किडा लागत नाही, सुटे झालेले तुकडे पक्के बसतील. वन्संनी बाटली हातात घेऊन झाकणाचा वास घेतला. "हा लागतो तो सुटत नाही. आमच्या मालकांनी हा कधी आणू दिला नाही. खळीने बांधलेलं पुस्तक कधीही उसवता येतं. पाणी लावलं की पान न् पान वेगळं. चूक झाली तर दुरुस्त करायला जागा राहते."

हे म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या. बाटली परत दिली. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "टीपकागद आण गं. आणि जुनी वर्तमानपत्रं, असतील तेवढी."

मी म्हटलं, "वन्सं, उसवणार?"

"पुस्तकाला कसर लागली की काय करतात? उसवतात, झटकतात, पुन्हा बांधतात. यात नवीन काय आहे?"

"आणि पुन्हा लावताना काही चुकलं तर?"

"मागे आकडे आहेत." पण हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचे नऊ दिवस आमच्या घरात चालायला जागा नव्हती. ओला टीपकागद तुकड्यावर ठेवायचा, अर्धा तास थांबायचं, खळ फुगली की हाडाची पट्टी खाली सरकवून तुकडा उचलायचा. उचलायचं काम त्यांचं. तो झटकून, किडा बघून, वर्तमानपत्रावर आकड्याप्रमाणे मांडायचं काम माझं. सगळ्यात शेवटी लावलेला तुकडा सगळ्यात आधी निघायचा. दोनशे चौदा, दोनशे तेरा, दोनशे बारा. हे कामावरून आले की दारातून विचारायचे, "पाय कुठे ठेवू?" वन्सं म्हणायच्या, "डोक्यावर."

एकेक तुकडा काढताना त्या सांगायच्या. "हा त्या वर्षीचा, तुझी आई आजारी होती आणि तू माहेरी होतीस. त्या वेळेला पाणी जरा वर आलं होतं." "ही झाडाची साल. यात झाड पहिल्यांदा हललं." कधी तुकडा हातात येण्याआधीच त्या सांगायच्या की आता काय निघेल, आणि तेच निघायचं. कधी काहीच निघायचं नाही, तिथे नुसती भुकटी असायची. मी रिकाम्या जागेवर आकडा लिहून चिठ्ठी ठेवायचे. एकतीस चिठ्ठ्या झाल्या.

मी देवाजवळ एवढंच मागितलं की खालचे तरी शाबूत राहू देत. का ते माहीत नाही. वाटलं, पहिलं राहिलं की बाकीचं राहील.

दहाव्या दिवशी दुपारी पहिला तुकडा निघाला. जुन्या वहीचं साधं पान, कुणाच्या तरी अक्षरात ओळी लिहिलेलं. त्याखाली नुसता पुठ्ठा असायला हवा होता. पण पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक हात काढलेला होता. हात टेकवून भोवतीने पेन्सिल फिरवतात ना, मुलं काढतात तसा. पाच बोटं, मनगट, बस.

वन्सं बघत राहिल्या. "हा मी कधी काढला?"

मी काय सांगणार? मी तेव्हा या घरात नवीन होते आणि त्या माझ्याशी सकाळी बोलत नव्हत्या.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हां. डोक्यावरचा हात कसा काढायचा ते कळत नव्हतं मला. समोर कुणाचा हात नव्हता, म्हणून माझाच टेकवला." आणि हसल्या. "म्हणजे इतकी वर्षं मीच माझ्या डोक्यावर हात ठेवून उभी होते. बघ म्हणजे."

त्यांनी हात त्या रेषेवर ठेवला. बसला नाही. चाळिशीतला हात सरळ होता. आताची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झालीयत, करंगळी बाहेर जात होती. मग माझा हात धरून ठेवला. माझा आखूड पडला. "जाऊ दे," म्हणाल्या, "चहा टाक."

प्रदर्शनाला आठ दिवस होते. वन्संनी खळ शिजवली. उतरवायच्या आधी कागदाची पुडी उघडून दोन निळे खडे त्यात टाकले आणि विरघळेपर्यंत ढवळलं. मग उठून खिडकी लावून घेतली. मी त्या घरात तोवर ती खिडकी सकाळी लागलेली पाहिली नव्हती. खार आली, चौकटीवर बसली, काचेला नाक लावलं, गेली. वन्संनी तिकडे बघायचं टाळलं.

खालच्या थरापासून सुरुवात झाली. आता हे सकाळचं काम नव्हतं, दिवसभराचं होतं, आणि त्या बोलत बोलत करत होत्या. माझं काम आकडा वाचायचं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अठ्ठावन्न," आणि शोधत होते, तर त्या म्हणाल्या, "तपकिरी रेक्झिन, एका कडेला फाटलेलं. तुझ्या डाव्या गुडघ्यापाशी." होतं तिथेच. नंतर नंतर मी नुसता आकडा म्हणायचे आणि त्या हात पुढे करायच्या. ज्या आकड्याची चिठ्ठी होती तिथे काही लावलं नाही. मी सुचवलं होतं, त्या रंगाचं दुसरं लावू. म्हणाल्या, "गेलं ते गेलं. खोटं कशाला?"

आठ दिवसांत एकशे सहा झाले. हाताच्या रेषेवर त्यांनी अजून काही बसवलं नव्हतं. पहिलं पानसुद्धा बाजूला ठेवलं होतं, ते शेवटी लावू म्हणून. चित्रकलेच्या बाई न्यायला आल्या तेव्हा मला वाटलं, आता या नाही म्हणतील. वन्सं म्हणाल्या, "न्या. अर्धं आहे असं लिहा."

बाईंनी तसं लिहिलं नाही. त्यांनी "मिश्र माध्यम" लिहिलं, खाली "अंतर्मन आणि निसर्ग", आणि प्रदर्शनात लोक त्या हातापाशी थांबायचे. कुणी बघत नाहीसं पाहून आपला हात त्यावर टेकवायचे. बाई धावत यायच्या, "हात लावू नका, कृपया हात लावू नका." वन्सं कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "लावू द्या हो. मला जरा बघू तरी द्या कुणाचा बसतो."

चार दिवसांत कुणाचाही नीट बसला नाही. रेषा तेवढी मळली.

पुठ्ठा घरी आला. पुढच्या दोन महिन्यांत राहिलेले तुकडे बसले, शेवटी हातावर वहीचं पान. आता तो दिसत नाही. शेवटचा तुकडा लावून वन्संनी ब्रश धुतला आणि मला म्हणाल्या, "शाळेत विचार, भिंत आहे का."

मी चमकले. "देऊन टाकणार? यासाठी तर एवढं केलं. हे गेलं की संपलं, तुम्हीच म्हणाला होतात."

"तेव्हा मला ते येत नव्हतं. आता पाठ झालं. एकदा उलटं काढलं, एकदा सुलटं लावलं. कुठलाही आकडा विचार." मग ब्रश फडक्याला पुसत, "आणि घरात ठेवलं तर खिडकी लावून बसावं लागेल. त्यात मोरचूद आहे."

मी विचारलं, "एकशे एकोणतीस?"

"भुकटी. चिठ्ठी आहे तिथे. जाताना छत्री ने."

आता ते चित्र शाळेच्या जिन्यात लावलंय, काचेत. पाटी तीच आहे. ते स्वप्न काही परत आलेलं नाही. मी विचारत नाही, पण मोठा पुठ्ठा नवा आणलेला नाही, त्यावरून कळतं. छोटे चालू आहेत. खळ पुन्हा साधी. परवा यांनी विचारलं, "ताई, यांनाही कसर लागेल की?" वन्संनी डावा हात वर केला. सहा वाजायचे होते. खिडकी उघडी होती आणि चौकटीवर खळीचं बोट नुकतंच लावलेलं.